पूल कुणीकडे निघाला होता

तीस सालानंतरची गोष्ट. पुण्याला ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन मी सोलापुरात रस्त्यांच्या ऑफिसात लागलो, त्याला दीड वर्ष झालं होतं. ऑफिस सात रस्त्याजवळ होतं. मी खोलीवरून सायकलने जात असे आणि डोक्यावर सोला हॅट घालत असे. हॅट उन्हासाठी नाही हे ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण पावसाळ्यातही ती उतरत नसे.

त्या दीड वर्षात माझ्या हातून झालेलं मोठं काम म्हणजे मैलाच्या दगडांना चुना लावून घेणे. त्यामुळे साहेबांनी एके दिवशी आत बोलावून एका पुलाचं नाव काढलं, तेव्हा माझी छाती फुगली. साहेब पन्नाशीचे होते आणि त्यांना बोलण्याचा कंटाळा होता. करकंबच्या पुढे, वेळापूरच्या अंगाला, एका ओढ्यावर तीन कमानींचा दगडी पूल होता. त्याला पावसाळ्यानंतर भेग पडली होती. वेळापूरकडच्या काठावर काळ्या मातीचं एक लांबलचक उतरतं टेकाड होतं. त्या टेकाडाच्या माथ्यापलीकडे कुणी तरी नवा पाट काढून ऊस लावला होता. साहेबांना संशय होता की काठ हळूहळू सरकतोय. ते एवढंच म्हणाले, "किती सरकतोय आणि कुणीकडे, ते मोजा. दर आठ दिवसांनी कळवा."

माझ्याबरोबर एक खलाशी दिला. खलाशी म्हणजे मोजणीची पट्टी धरणारा, साखळी ओढणारा माणूस. हा शहरातल्या विणकरांपैकी होता. घरात तेलुगू बोलायचा. भाऊ आणि मुलं मागावर होती, पण याला कोंदट जागेत बसवत नसे म्हणून तरुणपणीच या नोकरीत शिरलेला. तीस वर्षं त्याने पट्टी धरली होती. माझ्यासारखे ओव्हरसियर त्याने किती येताना-जाताना पाहिले असतील कोण जाणे. तो मला कधी उलट शब्द बोलला नाही, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा दोष असेल तर तेवढाच.

करकंबात चावडीच्या शेजारी एक खोली मिळाली. तिथून पूल सायकलने अर्ध्या तासावर. पहिल्या दिवशी मी पुलाभोवती दोन तास नुसता फिरलो आणि वहीत इंग्रजीत पुष्कळ लिहिलं. खलाशी बाभळीखाली बसून तंबाखू मळत होता. शेवटी त्याने विचारलं, की सायेब, खुणेचा दगड कुठला धरायचा?

हे कळायला जरा सांगावं लागेल. जमीन किती खचली किंवा उचलली हे पाहायचं तर एक जागा अशी लागते, जी मुळीच हलत नाही. त्या जागेवर छिन्नीने खूण करायची आणि बाकी सगळ्याची उंची दुर्बिणीतून बघून त्या खुणेशी ताडायची. ही पहिली खूण चुकली की पुढचं सगळं चुकतं. परीक्षेत यावर प्रश्न आला होता आणि मला त्यात चांगले मार्क होते.

टेकाडाच्या मध्यावर धनगरांच्या बिरोबाचा दगडी चौथरा होता. खाली रुंद, घडीव दगडांचा, शेंदूर फासलेला. मी तो पाहिला आणि मनाशी म्हणालो, याच्याइतकी पक्की जागा पंचक्रोशीत दुसरी नसेल, देव काय कुठं हलतोय. चौथऱ्याच्या कोपऱ्यावर मी बाण कोरून घेतला. खलाशाने त्याआधी देवाला हात जोडले आणि पलीकडच्या, करकंबकडच्या काठाकडे बघत हळूच म्हणाला, "तिकडं खडक हाये, सायेब." मी त्याला सांगितलं की पुलावरून त्या खडकाकडे उतरायला वाट नाही, दर वेळी ओढ्यातून जावं लागेल. वास्तविक ओढ्यात त्या दिवसांत पायाचा अंगठा बुडेल एवढंच पाणी होतं. पण माझे बूट नवे होते.

भेगांसाठी काचा लावायच्या होत्या. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चुन्याने घट्ट बसवतात. दगड केसभर जरी हलला तरी काच तडकते आणि आपल्याला कळतं. सोलापुरातल्या एका फोटोग्राफरकडून खलाशाने खराब झालेल्या फोटोच्या काचा आणल्या, त्या धुऊन आणि कापून आम्ही बारा ठिकाणी लावल्या. पाचव्या दिवशी सकाळी गेलो तर वेळापूरकडच्या भिंतीवरच्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या तिन्ही काचा फुटलेल्या.

मी रस्ता अडवला, येणाऱ्या बैलगाड्या परत फिरवल्या, आणि खलाशाला सायकल देऊन पंढरपूरला तार करायला पिटाळलं. तारेत लिहिलं होतं, पूल हलला, ताबडतोब या. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब मोटारीतून आले. धुळीने पांढरे झाले होते. त्यांनी भेग पाहिली, बोट घालून पाहिली, आणि विचारलं की काच फुटली आणि भेग तेवढीच कशी? मी त्यांना चुन्याच्या ताणाविषयी काही तरी समजावून सांगू लागलो. एवढ्यात टेकाडावरून शेरडं खाली आली. त्यांतला एक दाढीवाला बोकड सरळ भिंतीपाशी गेला, मी कालच बसवलेल्या नव्या काचेसमोर उभा राहिला, काचेत त्याला दुसरा बोकड दिसला असावा, दोन पावलं मागे सरकला आणि त्याने जी धडक दिली ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

मग साहेब म्हणाले, "बोकडाचं माप घेतलंत का?" आणि मोटारीत जाऊन बसले.

शेरडांमागून त्यांची मालकीण आली. साठीची, उंच, काटक बाई. डोक्यावरून पदर, खांद्यावर घोंगडं. ती टेकाडाच्या वरच्या अंगाला मेंढरं बसवायची आणि देवाचं सगळं तीच बघायची. तिने काचेचे तुकडे गोळा करून माझ्या हातात दिले आणि बोकडाच्या वतीने काही बोलणार होती, पण माझं तोंड बघून त्याला हाकत परत निघाली. मी भिंतीपुढे बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून घेतलं. पुढे चार-पाच महिने करकंबच्या बाजारात मला बघून कुणी शेळीसारखं ओरडलं की मी भाजीचा भाव जास्त मन लावून विचारत असे.

या फजितीनंतर कुणीही शहाणा माणूस जरा नमला असता. मी ठरवलं की आता मोजणी अशी करायची की साहेबांनी तोंडात बोट घातलं पाहिजे. दर आठ दिवसांनी मी दुर्बीण लावायचो. पट्टी आधी चौथऱ्यावर, मग पुलाच्या या टोकावर, मग मधल्या खांबांवर, मग पलीकडच्या काठावर. प्रत्येक आकडा तीनदा वाचायचो. मी दुर्बिणीपाशी खाली उभा असायचो आणि चौथऱ्यावर चढायचा खलाशी.

दोन महिन्यांत आकड्यांतून एक अजब गोष्ट दिसू लागली. या बाजूचा, ज्याच्यावर संशय होता तो काठ जागचा फारसा हलत नव्हता. आणि पलीकडचा, करकंबकडचा काठ वर येत होता. थोडा थोडा, पण येत होता. मध्येच एखाद्या आठवड्यात तो पुन्हा जरा खाली बसायचा आणि नंतर पुन्हा चढायचा. मला घाम फुटण्याऐवजी आनंद झाला. सगळे ज्या काठाकडे बघत होते तो निर्दोष, आणि खरा चोर पलीकडचा! हे आपल्याला सापडलं याचं मला एवढं कौतुक वाटलं की त्या रात्री मी भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

साहेबांना मी सहा पानी पत्र लिहिलं. तीन रंगांच्या शाईने नकाशा काढला. उलट टपाली एक कार्ड आलं. त्यावर लिहिलं होतं की पलीकडे खडक आहे, खडक वर येत नाही, पुन्हा पाहा. मला वाटलं, जुन्या माणसांना नवीन शोध पटत नाहीत. मी नऊ पानी उत्तर लिहिलं. मध्येच काठ खाली का बसतो याचा खुलासा करताना मी लिहिलं की भूमी श्वासोच्छ्वास करते, असं एका विलायती ग्रंथकाराचं मत आहे. तो ग्रंथ मी वाचला नव्हता. परीक्षेच्या आधी वर्गातल्या एकाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तो पुढे नापास झाला होता.

यावर साहेबांचं उत्तर आलं नाही. मी ते संमती समजलो. चढणाऱ्या काठाला दाबून धरायला म्हणून पलीकडच्या बाजूला पुलाच्या मुळाशी दगडांची रास घालायला सुरुवात केली. गाड्यांवर गाड्या दगड येऊन पडत होते. खलाशी रोज त्या खडकाकडे आणि खडकावर रचलेल्या दगडांकडे बघायचा आणि तंबाखू मळायचा. इकडे या बाजूच्या काचा मात्र खरोखरच तडकू लागल्या होत्या, बोकड जवळपास नसताना. त्याचंही उत्तर माझ्याजवळ तयार होतं. पलीकडचा काठ पुलाला इकडे ढकलतोय, म्हणून.

चैत्रात धनगरांनी देवाचा उत्सव केला. आजूबाजूच्या वाड्यांवरची पन्नास-साठ माणसं जमली. त्या दिवशी काही मोजणी होणार नव्हती, तरी मी गेलो, कारण बाईने आवर्जून बोलावणं पाठवलं होतं. टेकाडाच्या अगदी माथ्यावर, उघड्या खडकावर, एक जुनी ठेंगणी दीपमाळ होती. तिच्यापासून खाली देवाच्या चौथऱ्यापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायची रीत होती. दोन माणसं दोरी घेऊन उतरत आली. दोरी चौथऱ्यापाशी येऊन चार बोटं अलीकडेच संपली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाईने घोंगड्याखालून एक तुकडा काढला आणि गाठ मारून दिली. दोरीवर तशा गाठी ओळीने बऱ्याच होत्या.

मी सहज विचारलं, मावशी, दोरी आखडली का?

"दोरी कशानं आखडंल? देव खाली आलाय की," ती म्हणाली. "दर साली येतोय. माझ्या सासऱ्याच्या वक्ताला बोट-दोन बोटं यायचा. वरच्या अंगाला ऊस झाल्यापास्नं लई घाई लागलीया त्येला."

मी म्हणालो, "देव खाली येतो म्हणजे?"

"व्हय. वड्यावर आंगुळीला निघालाय. समदी जिमीनच घिऊन निघालाय. तुमी बी तितंच बसताय न्हवं दर आठवड्याला? तुमाला कळलं न्हाय?"

मी चौथऱ्याकडे बघितलं, दोरीवरच्या गाठींकडे बघितलं. मग त्या कोपऱ्यावर माझा बाण शोधू लागलो, तर तो दिसेना. कोपरा स्वच्छ सारवलेला होता. मी विचारलं तेव्हा तिने अगदी सरळपणे सांगितलं. तिची समजूत अशी, की तीन पायांवरची ती नळी म्हणजे फोटो काढायचं यंत्र. सरकार दर आठवड्याला देवाचा फोटो काढतंय, मग देवाची जागा कशी दिसली पाहिजे? म्हणून ती दर वेळी आदल्या दिवशी चौथरा शेणामातीने सारवून ठेवत होती. सणासुदीच्या आधी जरा जाडच. कोपऱ्यावर कुणी तरी छिन्नीने देवाच्या दगडाला इजा केली होती, ती तिने पहिल्याच आठवड्यात लिंपून टाकली होती. कुणी केली ते तिला ठाऊक होतं, पण ते तिने बोलून दाखवलं नाही.

मी खलाशाकडे वळलो. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सारवलेलं देवाचं कसं खरवडायचं, सायेब? मी हळूच वरनं पट्टी ठिवत होतो."

म्हणजे माझी न हलणारी जागा टेकाडाबरोबर खाली चालली होती, आणि तिच्यावर दर आठवड्याला शेणामातीचा थर चढत होता. जागा खाली गेली की पलीकडचा खडक मला वर आलेला दिसायचा. थर जाड झाला की खडक खाली बसायचा. भूमीचा श्वासोच्छ्वास तो हा. मी तिथेच बसलो. बाईने माझ्या हातात प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि सांगितलं की ऊन लागलंय, टोपी घाला. हॅट माझ्या डोक्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी बूट काढले, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या खडकावर नवी खूण कोरली. तीन दिवस मी आणि खलाशी सकाळपासून अंधार पडेपर्यंत सगळी मापं पुन्हा घेत होतो. सुदैवाने जुने आकडे अगदीच वाया गेले नव्हते. खडक हलत नाही असं धरून सगळं हिशेबाने उलटं केलं, त्यात सारवणाचा थर आपोआप वजा झाला, तेव्हा खरी गोष्ट कागदावर आली. टेकाड सरकत होतं. वेळापूरकडची भिंत साहेबांना संशय होता त्याच दिशेने, ओढ्याकडे, पाऊण इंच खाली आली होती आणि वेग वाढत होता. पावसाळ्याला दोन महिने उरले होते.

मी सोलापूरला निघालो. मोटारीत बसून वाटभर भाषण तयार केलं. त्यात माझा अपराध, माझा अहंकार, साहेबांचा मोठेपणा हे सगळं क्रमाने होतं आणि शेवटी राजीनामा होता. राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. साहेबांच्या खोलीत शिरलो आणि सुरुवात केली, की साहेब, मी आपली अक्षम्य फसवणूक...

साहेबांनी वर बघितलं. "ते राहू द्या. पूल किती हलला?"

मी म्हणालो, "पाऊण इंच. ओढ्याकडे. पण साहेब, माझी खूणच मुळात..."

"वेग?"

मी वेग सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला, घंटी वाजवली, आणि कुणाकुणाला बोलावून कामं सांगायला लागले. टेकाडात वरून खाली चर खणायचे, त्यांत दगडगोटे भरायचे म्हणजे मुरलेलं पाणी बाहेर पडेल. पायथ्याशी दगडांचा भार घालायचा. ऊसवाल्याला पाट पक्का करायला लावायचा. भरलेल्या गाड्या पुलावरून बंद. मी कोपऱ्यात उभा होतो. माझ्या अपराधात कुणालाच रस नव्हता याचं मला त्या वेळी थोडं वाईटच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी साहेबांनी विचारलं, दगड कुठून लवकर मिळतील? तेव्हा मला सांगावं लागलं की दगड पुष्कळ तयार आहेत, फक्त ते पलीकडच्या काठावर आहेत.

ते सगळे दगड आम्ही डोक्यावरून ओढा ओलांडून आणले. मीही आणले. साहेबांनी सांगितलं नव्हतं, पण मजुरांसमोर नुसतं उभं राहवेना. चरांची आखणी करताना मी पहिल्यांदा बाईला विचारलं. पाणी कुठे कुठे झिरपतं, कुठल्या जागी उन्हाळ्यातही गवत हिरवं राहतं, मेंढरं कुठे बसायला नाखूश असतात, हे तिने टेकाडभर चालत जाऊन दाखवलं. दोन चर माझ्या नकाशाप्रमाणे खणले आणि चार तिच्या बोटाप्रमाणे. पाणी तिच्या चरांतून जास्त आलं. तिच्या मेंढरांची बसायची जागा मात्र एका चरात गेली. त्याबद्दल तिने तक्रार केली नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोललीही नाही.

गाडीवानांचा त्रास सगळ्यात मोठा होता. गुळाच्या ढेपांनी भरलेली गाडी पुलाअलीकडे रिकामी करायची, ढेपा डोक्यावरून पलीकडे न्यायच्या आणि मग रिकामी गाडी न्यायची. ते मला काय काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. एकाने विचारलं की पूल पडणार हे बोकडाने सांगितलं का. मी हो म्हणालो. त्यावर तो हसला आणि निमूट ढेपा उतरवू लागला. त्या दिवसानंतर माझं गाडीवानांशी जमलं.

पावसाळा जोराचा झाला. आम्ही रोज माप घेत होतो, आता पलीकडच्या खडकावरून. श्रावणापर्यंत भिंत आणखी थोडी सरकली, मग मंदावली, आणि दसऱ्याच्या सुमाराला पाच आठवडे एकही काच तडकली नाही. टेकाड कायमचं थांबलं असं कुणी म्हणणार नाही, पण पूल उभा राहिला. मी गेलो तेव्हा उभा होता, आणि पुष्कळ वर्षांनी एकदा एस.टी.तून त्यावरून गेलो तेव्हाही होता.

माझी बदली झाली त्याच आठवड्यात भरलेल्या गाड्या पुन्हा सुरू करायचा हुकूम आला. पहिली गाडी सोडायच्या वेळी मला काय वाटलं कोण जाणे, मी कमानीच्या खाली जाऊन उभा राहिलो. आपल्या मोजणीवर आपला विश्वास आहे हे जगाला दिसावं असा काहीसा विचार असणार. जग म्हणजे खलाशी, चार गाडीवान आणि ती बाई. वरून गाडी खडखडत गेली. कमान जागची हलली नाही, पण सांध्यातला वाळलेला चुना तेवढा भुरभुर खाली आला आणि मी मान वर करून बघत होतो, त्यामुळे तो सगळा माझ्या दोन्ही डोळ्यांत गेला.

खलाशाने मला ओढ्याकाठी बसवलं आणि डोळ्यांवर ओंजळी ओंजळीने पाणी मारलं. मग धोतराच्या ओल्या टोकाने डोळे पुसून काढले. तरी संध्याकाळपर्यंत ते लाल होते आणि सारखे वाहत होते. त्याच दुपारी मी सामानासह निघालो, तेव्हा मोटारीत शेजारी बसलेल्या करकंबच्या एका वयस्क व्यापाऱ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि समजुतीने म्हणाला, की इतका जीव लावू नये हो नोकरीच्या गावाला, बदल्या व्हायच्याच. मी मान डोलावली आणि सोलापूर येईपर्यंत डोळ्यांना रुमाल लावून बसलो.